एका जागेचे सहा दावेदार : पद्माकर शिवलकर यांच्या आठवणीच्या निमित्ताने

४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यासाठी भारतीय संघ मैदानात उतरला तेव्हा खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती होत्या. त्या पद्माकर शिवलकर यांच्यासाठी होत्या. आदल्या दिवशी, ३ मार्चला, वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. ज्या संघात त्यांना एकदाही कसोटी खेळायला मिळाली नाही, त्याच संघाने त्यांचे सुतक पाळले. सामना पाहणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्यांना ठाऊक होते त्यांनी त्या आठवड्यात जे जे आठवले, सांगितले आणि लिहिले, त्यात एक वाक्य हटकून होते : ते भारताकडून खेळले नाहीत. माणूस गेल्यावर त्याच्या आयुष्याचा पहिला तपशील म्हणून न घडलेली गोष्ट सांगितली जावी, हे मला विचित्र वाटते.

आधी घडलेले पाहू. १९६१-६२ पासून १९८७-८८ पर्यंत १२४ प्रथमश्रेणी सामने आणि १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी. एका डावात पाच किंवा अधिक बळी ४२ वेळा. रणजी स्पर्धेत मुंबईसाठी ३६१ बळी. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या साम्राज्याच्या फलंदाजांवर भरपूर लिहिले गेले आहे, गोलंदाजांवर त्या मानाने कमी. पण सामने जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात, आणि धावांचे डोंगर रचून हे काम आपोआप होत नाही.

त्या पंधरापैकी शेवटचा अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध झाला. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. चारही डाव मिळून ४०५ धावा. शिवलकरांची गोलंदाजी पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. म्हणजे ३४ धावांत १३ बळी. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती हे धावसंख्याच सांगते, पण ती दोन्ही संघांना सारखीच होती, आणि समोरच्या संघात वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार होते. अशा खेळपट्टीवर गोलंदाजाला मोह होतो तो चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा. शिवलकरांचे वैशिष्ट्य नेमके उलटे सांगितले जाते. टप्पा ठरलेला, दिशा ठरलेली, उरलेले काम मातीने करायचे.

हे कसब कुठून आले ते समजायला मुंबईच्या पावसाळ्यात जावे लागते. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात, उघड्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. ओल्या मातीवर ऊन पडले की वरचा थर सुकू लागतो, खालचा ओलाच राहतो. चेंडू कधी रुतून थांबतो, कधी अंगावर उसळतो, कधी तसाच सरळ येतो. उजव्या हाताच्या फलंदाजाला डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू आतून बाहेर जातो, मधूनच एखादा हाताबरोबर सरळ आत येतो. फलंदाजाला यातला कोणता येणार ते कळत नाही; अशा मातीवर गोलंदाजालाही पुरते कळत नाही. त्यामुळे ज्याचा टप्पा चुकत नाही तो जिंकतो. शिवाजी पार्क जिमखान्याचे शिवलकर या शाळेत शिकले आणि चाळिशी उलटल्यावरही तिथे खेळत राहिले. वयाने वेग जातो, उडी जाते, पण टप्पा उशिरा जातो. १९८७-८८ मध्ये, ४७ व्या वर्षी, ते पुन्हा मुंबईकडून रणजीत उतरले ते त्या जोरावर.

मग भारतीय संघात का नाही? शोकलेखांत याचे उत्तर बहुधा नशीब किंवा बिशनसिंग बेदी असे दिले जाते. दुसरे उत्तर खरे आहे, पण अपुरे. बेदींचे पदार्पण १९६६ च्या शेवटच्या दिवशी कोलकात्यात झाले, आणि १९७९ पर्यंत ६७ कसोटींत २६६ बळी घेऊन त्यांनी ती जागा अडवून धरली. शिवलकरांना खेळवायला त्यांना वगळावे असे तेव्हाही कोणी गंभीरपणे म्हटले नसते, आजही म्हणू नये. बेदींच्या आधी बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी होते. हे दोघे मात्र १९६१-६२ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकत्र खेळले. तेव्हा दोन डावखुरे फिरकीपटू एका संघात चालत नाहीत, असा काही नियम नव्हता. नियम असा होता की दुसरा असेल तर त्याला फलंदाजी यायला हवी. शिवलकर शेवटच्या क्रमांकांवर खेळायचे. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच गत. १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळुरूला बेदींना वगळले, गोयल संघात आले आणि बाराव्या जागेवर राहिले. गोयल यांचे ७५० आणि शिवलकरांचे ५८९ मिळून प्रथमश्रेणीत १३३९ बळी होतात, आणि दोघांचे मिळून कसोटी सामने शून्य.

१९७९ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा ती ३१ वर्षांच्या दिलीप दोशींना मिळाली. त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेऊन निवड सार्थ केली. शिवलकर तेव्हा ३९ वर्षांचे होत होते. १९८१ मध्ये न्यूझीलंडला बदली खेळाडू म्हणून मुंबईचाच अठरा वर्षांचा डावखुरा फिरकीपटू गेला, रवी शास्त्री. तो फलंदाजीही करीत असे. सुनील गावसकरांनी १९८३ च्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघा बिनकसोटी गोलंदाजांना मानाची जागा दिली, आणि कर्णधार असताना निवड समितीला त्यांच्याबद्दल पटवू शकलो नाही ही खंत पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. खंत खरी असेलच. पण ज्या रचनेत एकच जागा होती, तिथे एका कर्णधाराच्या आग्रहाने फार काही बदलले असते असे मला वाटत नाही.

दुबईच्या त्या सामन्यात काळी फीत लावून रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल दोघेही गोलंदाजी करीत होते. दोन डावखुरे फिरकीपटू, शिवाय कुलदीप यादव. पण जडेजा आणि अक्षर दोघेही फलंदाजी करतात. साठ वर्षांपूर्वीचा नियम अजून मोडलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला या लेखाची जुळवाजुळव करताना जाणवली. त्या एका जागेभोवतीचे सहाही जण आता नाहीत. नाडकर्णी जानेवारी २०२० मध्ये गेले, गोयल त्याच वर्षी जूनमध्ये, दुराणी एप्रिल २०२३ मध्ये, बेदी त्याच वर्षी ऑक्टोबरात, शिवलकर मार्च २०२५ मध्ये आणि दोशी त्याच वर्षी जूनमध्ये. यांतल्या बेदी-दोशींच्या गोलंदाजीच्या चित्रफिती सापडतात. शिवलकरांना पाहायचे तर धावफलक आणि माणसांचे बोलणे एवढेच साधन. म्हणूनच त्यांचे चाहते बोलतात तेव्हा आकडे कमी आणि हातवारे जास्त असतात. दोन-चार पावलांची धाव, खांद्याजवळून सुटणारा हात, मनगटाचा हलका वळसा, आणि मग जमिनीवर बोट ठेवून दाखवलेला टप्पा. मी हिंजवडीत राहतो. आमच्या संकुलात दादर-परळ सोडून मुलांच्या नोकऱ्यांमागे इकडे आलेले बरेच ज्येष्ठ आहेत. त्यांच्यातल्या एकाने मार्चच्या त्या आठवड्यात वाहनतळाच्या फरशीवर मला हे सगळे करून दाखवले. सोबत ते गाणेही गुणगुणले, शिवलकरांनी गायलेले, चेंडू आणि दैवगती यांची सांगड घालणारे. शिवलकर गात उत्तम, आणि त्यांचे कार्यक्रमही होत.

इथून फार लांब नसलेल्या गहुंज्याच्या मैदानावर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ बळी घेतले आणि भारत बारा वर्षांनी मायदेशात कसोटी मालिका हरला. डावखुरा, संथ, टप्प्याला पक्का गोलंदाज. तो सामना मी त्याच गृहस्थांबरोबर पाहिला होता. आपली बाजू कोसळत असताना ते हसत होते. विचारले तर म्हणाले, “वळत काही नाहीये हो, नुसता जागेवर पडतोय. आमचा पॅडी हेच करायचा.”