आधी ट्रान्सफॉर्मर, मग सर्किट

घरी बेंच पॉवर सप्लाय बांधायचा म्हटलं की एलएम ३१७ वापरावी की ७२३, २एन३०५५ एक लावावा की दोन, यावर तासन्‌तास खल होतो. ट्रान्सफॉर्मर मात्र लॅमिंग्टन रोडच्या किंवा पासोड्या विठोबाच्या गल्लीतल्या दुकानात ‘चोवीस व्होल्ट, पाच अँपिअर द्या’ एवढ्यावर उरकला जातो. सप्लायचं भवितव्य ठरतं ते तिथंच.

ते चोवीस व्होल्ट एसीचे असतात. ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर २४ गुणिले १.४१, त्यातून डायोडचे दीडेक व्होल्ट वजा, म्हणजे डीसी ३२ च्या घरात जातो. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापील आकड्याच्या दहा टक्के वर सहज असतो. त्यामुळे ३५ व्होल्टचा कपॅसिटर इथे घालूच नये. ५० चा, जमल्यास ६३ चा घ्यावा. करंटचं मात्र उलटं. कपॅसिटर फक्त शिखरापाशी, झटक्याझटक्याने करंट ओढतो आणि तार त्या झटक्यांनी तापते. म्हणून ५ अँपिअरच्या वायंडिंगकडून सलग ३ अँपिअर डीसीच धरावा.

खरी अडचण उष्णतेची. आत तीस व्होल्ट आणि बाहेर ५ व्होल्टला ३ अँपिअर हवेत, तर ७५ वॅट ट्रान्झिस्टरच्या अंगावर पडतात. यावर उपाय १२-०-१२ चा. आउटपुट कमी असताना रिलेने निम्मं वायंडिंग जोडायचं, जास्त लागलं की पूर्ण. हीटसिंक वाढवत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

जुना माल घ्यायचा तर स्टॅबिलायझरपासून सावध. त्यात बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. इनपुट आणि आउटपुटचं वायंडिंग एकच, म्हणजे मेनपासून विलगता शून्य. प्लग काढून मल्टिमीटरने इनपुट-आउटपुटमधला रोध पाहावा. काही ओहम दिसले तर तो परत ठेवावा. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर वजनाने भुलवतो, पण तो काही मिनिटांच्या कामापुरताच बेतलेला असतो. मायक्रोवेव्हचा तर नकोच. त्याच्या सेकंडरीवर दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि ती काढून टाकली तरी गाभा लोडशिवायही तापतो.

स्वतः गुंडाळायचं असेल तर प्रायमरीच्या नादी लागू नये. नऊशेवर वेढे बारीक तारेचे, त्यात एनॅमल कुठे खरवडलं गेलं तर सगळं वाया. चांगली प्रायमरी असलेला, दोन कप्प्यांच्या बॉबिनचा ट्रान्सफॉर्मर शोधून त्याची फक्त सेकंडरी बदलावी. गाभा वेल्डिंगचा नसावा, नाहीतर स्टॅम्पिंग निघत नाहीत. उघडण्याआधी खिडकीच्या फटीतून वायरचे दहा वेढे घालून व्होल्टेज मोजावं. अडीच व्होल्ट आले, तर व्होल्टला चार वेढे. त्या हिशेबाने चोवीसला ९६. तारेतला ड्रॉप धरून शंभर, आणि पन्नासाव्या वेढ्यावर टॅप. ५ अँपिअरसाठी १६ गेजची तार. गाभ्याचा मधला पाय १० ते १२ चौरस सेंटिमीटर असला की शंभर-सव्वाशे व्हीए निघतात. ई आणि आय पट्ट्या आलटून पालटून, घट्ट बसवाव्यात. सैल राहिल्या तर गुणगुण ऐकू येते. नंतर वार्निश.

पहिली लाइन थेट देऊ नये, सिरीज बोर्डवर शंभरचा पिवळा बल्ब लावून द्यावी. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्यावर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब तासभर पेटता ठेवावा. तो साडेचारेक अँपिअर खातो. व्होल्टेज बाराच्या खाली घसरत असेल तर दोन्ही अर्ध्यांत दोन-दोन वेढे वाढवावे लागतात. म्हणून वार्निश लावायच्या आधीच ही परीक्षा उरकलेली बरी.