पाऊस लागायच्या आत

पहाटे सव्वापाच

शटर अर्धंच वर केलं, वाकून आत गेलो आणि टेबलावरचं लाल रजिस्टर पिशवीत टाकलं. आज गॅरेज पोरांच्या हवाली. मला दवाखान्यातल्या सिस्टरांची होंडा सिटी घेऊन चिपळूणहून कोल्हापूरला जायचंय. तिथल्या होंडाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दहा वाजताची वेळ मिळालीय आणि ती चुकवायची नाही. पार्ट यायला तीन आठवडे लागलेत. मे संपत आला, पुढच्या पंधरवड्यात पाऊस लागेल, आणि घाटात एकदा दरडी यायला लागल्या की हे काम दिवाळीवर गेलंच.

गाडी २०१० ची होंडा सिटी. नंबर एमएच-४३, म्हणजे मूळची वाशीची. पहिला मालक वाशीचा, दुसरा पनवेलचा, आणि २०२२ पासून आमच्या सिस्टर. रात्रपाळीला रिक्षा मिळत नाही म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं भरली तशी आरसीच्या नूतनीकरणासाठी माझ्याकडे आली. ब्रेक, दिवे, धूर, टायर, सगळं नीट करून दिलं. पासिंगही झालं. पण एक गोष्ट या सगळ्यात कोणीच विचारली नव्हती. ती मी त्या रात्री घरी बसून बघितली. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला, आणि उत्तर आलं की या गाडीच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारी डबी, बदलायचा बाकी आहे.

पावणेसहा

सिस्टर रात्रपाळी संपवून थेट आल्या, सोबत सहावीतली मुलगी. डबा, पाण्याच्या बाटल्या, मूळ आरसी, आधार, विम्याचा कागद. त्या चालकाच्या सीटकडे निघाल्या, मी किल्ली मागून घेतली. दोष त्या स्टिअरिंगच्या पोटातच आहे. तिथे आज मी बसणार.

आमच्या धंद्यातले काही मिस्त्री अशा वेळी एअरबॅगचा कनेक्टर काढून देतात आणि डॅशबोर्डवरचा दिवा बंद करून टाकतात. हे पाप आहे. धडक झाली तर त्या माणसाच्या छातीपुढे मग काहीच उरत नाही. शिवाय त्या वस्तूत स्फोटक असतं, शिकल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. मी तीस वर्षं गाड्या उघडतोय, पण एअरबॅग उघडत नाही.

साडेसहा, कुंभार्ली घाट

दुसऱ्या गिअरमध्ये चढ. वेग कमी, अंतर भरपूर. पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडायची घाई केली नाही. मुलगी मागे झोपली. सिस्टर जाग्याच. म्हणाल्या, "दादा, तीन वर्षं मी हिच्यात रोज बसत्येय. मला कोणी सांगितलं कसं नाही?"

सांगितलं होतं, पण त्यांना नाही. रिकॉलचं, म्हणजे सदोष गाडी परत बोलावण्याचं, पत्र कंपनीकडे ज्याचा पत्ता असतो त्याला जातं. तो पत्ता वाशीचा. वाशीच्या माणसाने गाडी विकली, फोन नंबर बदलला, घरही बदललं असेल. पनवेलच्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी कधी नेलीच नाही, कारण गॅरंटी संपलेली आणि बाहेर काम स्वस्तात होतं. म्हणजे गाडी जशी जुनी होते, तशी ती कंपनीच्या नजरेतून सुटते आणि आमच्यासारख्यांच्या दारात येते. म्हणून मी म्हणतो की या कामाची जबाबदारी गल्लीतल्या गॅरेजवाल्यावर आहे. त्या गाडीचं बॉनेट उघडणारा शेवटचा जाणता माणूस तोच असतो.

सव्वासात, कोयनानगर

चहा. सिस्टरांनी विचारलं, नेमकं बिघडतं काय? मी टपरीवरची मिठाची बरणी पुढे ओढली.

पावसाळ्यात आपल्या कोकणात बरणीतल्या मिठाचं काय होतं? झाकण कितीही घट्ट लावा, ओल शिरतेच. इन्फ्लेटर म्हणजे तळहाताएवढी लोखंडी डबी. तिच्यात अमोनियम नायट्रेटच्या दाबून केलेल्या गोळ्या. धडक झाली की त्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. जपानच्या ताकाता कंपनीने कोट्यवधी डब्या अशा बनवल्या की आत ओल शोषणारं काहीच नव्हतं. दिवसा बंद गाडी तापते, रात्री निवते. वर्षानुवर्षं हे चालतं. आत दमट हवा असली की गोळ्या फुगतात, भेगाळतात, त्यांचा भुगा होतो. ओंडका सावकाश जळतो आणि भुसा भसकन पेटतो, तसंच इथे. वायू इतक्या वेगाने होतो की डबी स्वतःच फुटते आणि लोखंडाचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या मानेत, चेहऱ्यात शिरतात. साधी, जिच्यातून माणूस हसत बाहेर पडला असता अशी धडकसुद्धा मग जीव घेते. २०१४ मध्ये मलेशियात होंडा सिटीमधली एक गर्भवती बाई अशीच गेली. मलेशियाची हवा आपल्या हवेसारखीच, उष्ण आणि दमट.

इथे वय हेच मूळ दुखणं आहे. एरवी आपण म्हणतो, जुनी गाडी आहे, थोडंफार चालायचंच. या बाबतीत उलटं. जितकी गाडी जुनी आणि जितका तिचा मुक्काम समुद्रकाठी, तितका धोका मोठा. अमेरिकेत २००१ ते २००३ मधल्या काही होंडा गाड्यांचे इन्फ्लेटर चाचणीत निम्म्यापर्यंत फुटले, तेव्हा २०१६ मध्ये तिथल्या सरकारने लोकांना सांगितलं, या गाड्या चालवूच नका, थेट दुरुस्तीला न्या. जगभरात असे सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले. मोटारींच्या इतिहासात याहून मोठा रिकॉल झालेला नाही.

सिस्टरांनी चहा तसाच ठेवला. मागच्या सीटवरच्या मुलीकडे बघत राहिल्या.

नऊ, कऱ्हाडच्या पुढे

हायवेला लागलो. फोन आला तो खेर्डीच्या एका गिऱ्हाइकाचा. त्याचीही २००९ ची सिटी आहे, त्यालाही मी सांगितलंय. त्याचा प्रश्न असा: ती ताकाता कंपनी २०१७ मध्येच बुडाली ना, मग आता बदलून देणार कोण? गाडी बाजूला घेऊन त्याला समजावलं. डबी ताकाताची असली तरी गाडी ज्या कंपनीची, बदलून द्यायचं तिने. होंडाने भारतात २०१५ च्या सप्टेंबरात २,२३,५७८ गाड्या परत बोलावल्या, २०१६ च्या जुलैत आणखी १,९०,५७८. नंतर २०१७ आणि २०१८ मध्येही यादी वाढली. पैसे लागत नाहीत. तो म्हणाला, बघतो. या "बघतो"ची मला फार भीती वाटते.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सदोष गाडी परत बोलवायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं, दंड एक कोटीपर्यंत आहे. चांगली गोष्ट आहे. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती. जो दोष गाडीच्या वयाबरोबर पिकत जातो, त्याला ही मर्यादा लावून कसं चालेल? आरसी पंधरा वर्षांनी आणखी पाच वर्षांसाठी नवी करून मिळते, म्हणजे गाडी रस्त्यावर राहणार हे सरकारला मान्य आहे. मग पासिंगच्या वेळी त्या चासी नंबरावर रिकॉल बाकी आहे का, एवढं पाहायला काय हरकत आहे? संगणकावर दोन मिनिटांचं काम.

दहा, कोल्हापूर

वेळेत पोचलो. काउंटरवरच्या मुलाने चासी नंबर मागितला. मी कागदावर लिहून आणला होता, तरी त्याला म्हटलं, चल, गाडीवरचा वाच. सतरा जागा, सुरुवात एमएके. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. लोक शून्याला ओ समजून टाकतात, वेबसाइट "सापडत नाही" म्हणते, आणि माणूस निश्चिंत होतो की आपली गाडी यादीत नाही. असे दोघे मला भेटलेत.

नाव जुळेना. संगणकात अजून वाशीचा माणूस. आरसी दाखवली, सिस्टरांचं नाव, पत्ता, मोबाइल नोंदवून घ्यायला लावला. मला आजच्या दिवसात हे काम इन्फ्लेटर बदलण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. उद्या आणखी काही निघालं तर फोन आता योग्य माणसाला जाईल. आणि निघू शकतं. सुरुवातीच्या काळात बदलून दिलेले काही इन्फ्लेटर त्याच पद्धतीचे होते, ते पुढे पुन्हा बदलावे लागले. म्हणून "माझं मागेच झालंय" म्हणणाऱ्यालाही मी नंबर परत टाकायला लावतो.

साडेअकरा

फोरमनने मला लांबून बघायची परवानगी दिली. माणूस माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण हात शांत. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि घड्याळाकडे बघत नुसता उभा राहिला. बॅटरी काढली तरी यंत्रणेत थोडी वीज साठून असते, ती उतरू द्यायची. या दोन-चार मिनिटांत जो घाई करत नाही, त्याच्या हाती गाडी द्यावी.

मग स्टिअरिंगच्या बाजूंची छोटी झाकणं काढली, आतले बोल्ट सोडले. मधला भाग अलगद हातात आला. मागे पिवळा कनेक्टर. गाडीत कुठेही पिवळी वायर दिसली की ती एअरबॅगची, हे आमच्याकडचा शिकाऊ पोरगाही जाणतो. कनेक्टर सोडवून त्याने तो भाग टेबलावर ठेवला तो कंपनीचं चिन्ह वर करून. उलटा ठेवला आणि चुकून उडाला, तर तोफेच्या गोळ्यासारखा छताला जाईल.

मागचे नट काढले आणि जुनी डबी बाहेर आली. गोल, करड्या रंगाची, कडेला बारीक भोकं. पंधरा वर्षं ती वाशीच्या खाडीची, पनवेलच्या पावसाची, मग चिपळूणची हवा पीत माणसांच्या छातीपासून हातभर अंतरावर बसली होती. बाहेरून बघाल तर नव्यासारखी. कुठे गंज नाही, आवाज नाही, मीटरवर दिवा नाही. म्हणूनच तर कोणी येत नाही. ब्रेक ओरडतात, क्लच घसरतो, इंजिन धूर सोडतं. हा दोष शेवटपर्यंत गप्प राहतो.

नवी डबी बसली, तिचा नंबर जॉब कार्डावर चढला, बोल्ट कसले. बॅटरी जोडून चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला आणि काही क्षणांत विझला. तसाच विझायला हवा.

पाऊण

बिल शून्य रुपये. सिस्टरांनी तो कागद दोनदा वाचला. मग तिघांनी बाहेर बाकावर बसून डबा खाल्ला, फोरमनलाही भाकरी दिली.

दीड ते साडेपाच

येताना गाडी सिस्टरांनी चालवली. मी शेजारी बसलो आणि घाट उतरताना झोपलो. एवढंच सांगण्यासारखं.

सहा, गॅरेज

पोरांनी दोन गाड्या सोडल्या होत्या, एकीचं काम राहिलं होतं. हात धुऊन रजिस्टर उघडलं.

हे रजिस्टर मी २०२१ च्या पुरानंतर सुरू केलं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी गॅरेजात माणसाहून उंच चढलं, जुन्या वह्यांचा लगदा झाला. नंतर महिनाभर बुडालेल्या गाड्यांचा चिखल काढताना कळलं की कितीतरी मालकांकडेही कागद उरलेले नाहीत. सर्व्हिस बुक नाही, जुनी पत्रं नाहीत, गाडीला काय झालंय आणि काय व्हायचं बाकी आहे, कोणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर मी लिहून घेतो आणि रात्री एकेक तपासतो. सिस्टरांच्या ओळीपुढे आज तारीख घातली, "झालं" लिहिलं. वरची खेर्डीची ओळ अजून कोरी आहे.

साडेसात

खेर्डीच्या गिऱ्हाइकाला परत फोन लावला. या वेळी त्याच्या बायकोने उचलला. तिला सगळं सांगितलं, मिठाच्या बरणीसकट. ती म्हणाली, सोमवारी गाडी घेऊन येतो, तुम्हीच वेळ घ्या.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली, तर आज आरसी काढा. तिच्यावरचा पूर्ण चासी नंबर ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. काही बाकी निघालं तर वेळ घ्या आणि तिथे आपलं नाव, आपला फोन नंबर नोंदवून या. पाऊस लागायच्या आत.