चेरवेलकाठची टवाळखोरी

ऑक्सफर्डमधून वाहणाऱ्या चेरवेल नदीला युनिव्हर्सिटी पार्क्सजवळ फाटे फुटतात आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरते. दोन प्रवाहांमधली म्हणून तिचे नाव मेसोपोटेमिया. तिथून जवळच 'पार्सन्स प्लेझर' ही पुरुषांनी विवस्त्र डुंबण्याची जागा होती. ती १९९१ साली बंद झाली. १९५० चे दशक संपता संपता या दोन्ही नावांची विद्यार्थी-मासिके निघाली. दोन्ही अल्पायुषी ठरली आणि आज ती चाळायला मिळणेही कठीण. तरीही इंग्रजी विनोदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. कारण तिथे जमलेल्या टोळक्यानेच पुढे 'प्रायव्हेट आय' हे पाक्षिक उभे केले.

ऑक्सफर्डला नियतकालिकांची वाण नव्हती. 'आयसिस' १८९२ पासून आणि 'चेरवेल' १९२० पासून चालत आलेले. 'आयसिस' तर अधूनमधून सरकारच्याही डोळ्यांत खुपे. सोव्हिएत सीमेवर ब्रिटिश लष्कर चोरून रेडिओ संदेश ऐकते, असा लेख १९५८ मध्ये त्याने छापला, तेव्हा दोन विद्यार्थ्यांना सरकारी गुपिते फोडल्याबद्दल तीन महिन्यांची कैद झाली. म्हणजे गंभीर बंडखोरीची सोय होती. निव्वळ थट्टेची मात्र नव्हती. देशपातळीवर तो मान 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा, पण १८४१ साली जन्मलेला 'पंच' तोवर दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहताना चाळायचा अंक झाला होता.

या टोळक्याचे मूळ ऑक्सफर्डमध्ये नाही, श्रूजबरीच्या निवासी शाळेत आहे. रिचर्ड इंग्रम्स, पॉल फूट, विली रश्टन आणि ख्रिस्तोफर बुकर हे चौघे तिथले. शाळेच्या 'सलोपियन' या अंकात त्यांचा हात बसला. शाळेनंतर सक्तीची लष्करी सेवा आली. दोन वर्षे बूट घासून आणि परेड करून मग विद्यापीठात यायचे, असा तो काळ. इंग्रम्सला अधिकारीपदासाठी नाकारले गेले, म्हणून त्याने साध्या शिपायांबरोबर दिवस काढले, कोरियातही जाऊन आला. या पिढीच्या विनोदाची धार मला तरी बराकीतून आलेली वाटते. ज्यांना सलाम ठोकायचा ते किती सामान्य कुवतीचे असू शकतात, हे त्यांनी विशीच्या आत जवळून पाहिले होते. त्यातच १९५६ चे सुएझ प्रकरण साम्राज्याची अब्रू चव्हाट्यावर मांडून गेलेले. पॉल फूटचे वडील तर खुद्द सायप्रसचे गव्हर्नर. बाप साम्राज्याची शेवटची निरवानिरव करतोय आणि मुलगा ऑक्सफर्डमध्ये त्याच वर्गाची टर उडवतोय, असे ते दृश्य होते.

'पार्सन्स प्लेझर' एड्रियन बेरीने काढले आणि इंग्रम्स व फूट यांनी ते पुढे चालवायला घेतले. १९५९ च्या सुमारास 'मेसोपोटेमिया' आले, त्यामागे बेलिअल कॉलेजचा पीटर अझबोर्न होता. मुलांच्या सचित्र पुस्तकांवर गरम हवेच्या फुग्याचे चिन्ह असते ना, त्या 'अझबोर्न'चा पुढे झालेला मालक हाच. ती पुस्तके आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमातल्या कित्येक घरांत असतील, पण त्यांच्या मुळाशी एक टवाळ विद्यार्थी-मासिक आहे, याचा पालकांना पत्ता नसतो. इंग्रम्स, फूट, जॉन वेल्स, अँड्र्यू ऑस्मंड अशी मंडळी या अंकाभोवती जमली. रश्टनची गंमत वेगळीच. गणितात पुन्हा पुन्हा नापास झाल्याने तो विद्यापीठाची पायरी चढलाच नाही. लंडनमध्ये वकिलाकडे कारकुनी करायचा आणि शनिवार-रविवारी ऑक्सफर्ड गाठून अंकासाठी चित्रे काढायचा. 'पंच'कडेही त्याने व्यंगचित्रे पाठवून पाहिली, पण डाळ शिजली नाही. विद्यार्थी-मासिकाचा सर्वोत्तम चित्रकार विद्यार्थीच नव्हता.

अशा अंकांचे आयुष्य मुळातच बेताचे. पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा. पहिल्या वर्षी ओळखी होतात, शेवटच्या वर्षी परीक्षा मानगुटीवर बसते, मधल्या काळात जे काय व्हायचे ते होते. संपादक शहर सोडून गेला की अंक अनाथ होतो. त्यामुळे 'मेसोपोटेमिया' बंद का पडले, हा प्रश्न मला फारसा पडत नाही. ते चालले कसे, हा खरा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात मी अझबोर्नला विनोदवीरांच्या वर ठेवीन. ऑक्सफर्डमध्ये हजरजबाबी पोरे पैशाला पासरी मिळत होती. छपाई, कागद आणि विक्री यांत रमणारा असा एखादाच. आपल्याकडच्या कोणत्याही दिवाळी अंकाच्या संपादकाला विचारा, लेखक मिळतात, जाहिराती आणणारा मिळत नाही.

या अंकांचा दोष झाकण्यात अर्थ नाही. हा सगळा विनोद निवासी शाळांमधून आलेल्या मुलग्यांचा होता, त्यांच्याच खुणांनी आणि टोपणनावांनी भरलेला. विद्यापीठात तेव्हा मुलींची अवघी पाच कॉलेजे होती. मुलांची कॉलेजे मुलींसाठी उघडायला सुरुवात झाली ती १९७४ मध्ये. आपापसांत हसणाऱ्या पोरांची ही सवय 'प्रायव्हेट आय'लाही दीर्घकाळ चिकटून राहिली.

अझबोर्नच्या हाती 'प्रायव्हेट आय' काढण्याची एक किल्ली लागली होती. ऑफसेट छपाईमुळे खिळे जुळवणाऱ्या मोठ्या छापखान्याची गरज उरली नव्हती. टाइपरायटर, कात्री आणि डिंक असले की पान तयार. ऑस्मंडने ४५० पौंड घातले, नावही त्यानेच सुचवले, आणि २५ ऑक्टोबर १९६१ रोजी पिवळ्या कागदावरचा पहिला अंक निघाला. संपादक बुकर, तो केंब्रिजचा. मांडणी आणि चित्रे रश्टनची, त्याच्या आईच्या घरातल्या खोलीत बसून केलेली. मुखपृष्ठावर रश्टनने एक केविलवाणा शिलेदार काढला. 'डेली एक्सप्रेस' दैनिकाच्या बोधचिन्हातल्या शिलेदाराची ती टिंगल, आणि तोंडवळा जॉन वेल्सचा! तो आजही तिथेच उभा आहे.

वेळ नेमकी जुळून आली. 'बियॉन्ड द फ्रिंज' हा उपहासात्मक रंगमंचीय कार्यक्रम १९६० मध्ये एडिंबरात गाजला होता, आणि 'आय' निघाला त्याच महिन्यात त्यातल्याच पीटर कुकने लंडनच्या सोहोमध्ये उपहासाचा 'एस्टॅब्लिशमेंट' क्लब उघडला. १९६२ मध्ये कुक आणि त्याचा भागीदार निकोलस लुआर्ड यांनी हे पाक्षिकच विकत घेतले. १९६३ मध्ये इंग्रम्स संपादक झाला. त्याच वर्षीच्या प्रोफ्युमो प्रकरणात मंत्री, मॉडेल आणि रशियन नौदल अधिकारी अशी सामग्री आपोआप चालून आली. रश्टनने तर नोव्हेंबरात पंतप्रधान डग्लस-ह्यूम यांच्याविरुद्ध पोटनिवडणूकच लढवली. मते पडली ४५.

पुढे फूट शोधपत्रकार झाला आणि चुकीने शिक्षा झालेल्यांच्या बाजूने आयुष्यभर लिहीत राहिला. अझबोर्नने १९७३ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. इंग्रम्सने १९८६ मध्ये खुर्ची सोडली ती पंचविशीतल्या इयन हिस्लॉपकडे, आणि जुन्या मंडळींपैकी काहींनी त्यावर चांगलीच नाके मुरडली. पोरगा नवखा, हा त्यांचा आक्षेप. त्याची शिदोरी होती ऑक्सफर्डमधल्या आणखी एका अल्पायुषी विनोदी अंकाची, 'पासिंग विंड'ची. नाव उघडउघड पोटातल्या वायूवरचे. त्या अंकासाठी त्याने ज्यांची मुलाखत घेतली होती, त्यांत इंग्रम्सही होता.