टॉन्सिल्स काढाव्यात का? निर्णयामागील शास्त्र

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे न बदललेला एखादा प्रश्न असेल, तर तो हा : “डॉक्टर, याचा घसा सारखा सुजतो; टॉन्सिल्स काढूनच टाकू या का?” आपल्या इंदुरातील घरांत हळदीचे दूध आणि मिठाच्या गुळण्या करून झाल्या की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांची मते गोळा होतात आणि अखेरच्या निवाड्यासाठी मूल आमच्यापुढे येते. वरवर साध्या वाटणाऱ्या या निवाड्याने वैद्यकशास्त्राला गेल्या नव्वद वर्षांत पुष्कळ काही शिकवले आहे.

१९३४ साली अमेरिकेतील बालआरोग्य संघटनेने न्यूयॉर्कमधील १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६११ मुलांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले व १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना ती नको म्हटले होते, त्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. तेथे ९९ जणांना शस्त्रक्रिया हवी ठरली. उरलेल्या ११६ जणांच्या तिसऱ्या तपासणीत आणखी ५१ जणांची भर पडली. प्रत्येक वेळी प्रमाण सुमारे ४५ टक्के! म्हणजे घसा बरा असो वा वाईट, तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया लागते, ही समजूतच जणू निर्णय घेत होती.

इंग्लंडमध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली असेच चित्र मांडले. हॉर्न्सी येथे १९२८ मध्ये शाळकरी मुलांवर अशा १८६ शस्त्रक्रिया झाल्या, तर १९२९ मध्ये केवळ १२. मुलांचे घसे एका वर्षात बदलले नव्हते. शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते.

मग खरा निकष कोणता? याचे उत्तर शोधण्याचे श्रेय पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांना द्यावे लागेल. घसादुखीचा भरभक्कम इतिहास सांगितला जात होता, पण ज्याची लेखी नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर त्यांनी प्रत्यक्ष लक्ष ठेवले. सांगितल्याप्रमाणे आजार केवळ ११ मुलांतच आढळला (१९७८). पालक खोटे बोलत नव्हते. काळजीत दिवस मोजले जात नाहीत, एवढेच. पुढे १९८४ च्या अभ्यासात त्यांनी कठोर निकष लावले : एका वर्षात ७, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा, ताप, मानेतील गाठी, पू वा स्ट्रेप्टोकोकस यांपैकी किमान एका खुणेसह नोंदलेला घशाचा संसर्ग. अशा मुलांना शस्त्रक्रियेचा लाभ दोन वर्षे स्पष्ट दिसला. मात्र शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकीही अनेकांचा त्रास कालांतराने ओसरला. कमी त्रास असलेल्या मुलांत तर शस्त्रक्रियेचा अल्प लाभ तिच्या जोखमीस व खर्चास न्याय देत नाही, असे २००२ मध्ये त्यांनीच दाखवून दिले.

याचा अर्थ शस्त्रक्रिया नेहमीच टाळावी असा नव्हे. झोपेत घोरणाऱ्या, श्वास अडखळणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत झोपेत श्वासरोध होणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुले होती. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सर्वसाधारण आली. नुसती वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. एकाग्रतेच्या मुख्य कसोटीत लक्षणीय फरक पडला नाही. वर्तन व जीवनमान मात्र सुधारले.

येथे पणाला लागलेले असते ते एक लहान मूल. अनावश्यक शस्त्रक्रिया म्हणजे त्याला भूल, रक्तस्रावाची भीती व आठ-दहा दिवसांची वेदना. आणि आवश्यक ती टाळणे म्हणजे रात्रीमागून रात्री कोंडणारा श्वास. घशात डोकावून दिसणाऱ्या टॉन्सिल्सचा नुसता आकार यांतील भेद सांगत नाही.

म्हणून पालकांस विनंती, की एक साधी वही ठेवावी : तारीख, ताप किती, शाळा किती दिवस बुडली, डॉक्टरांना काय आढळले, औषध कोणते दिले आणि रात्री झोप कशी लागली. आणि वैद्यकबंधूंनी व भगिनींनी शल्यचिकित्सकांकडे चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ती वही मागून घ्यावी. निर्णय मग कोणताही होवो, तो त्या मुलाच्या आजाराचा असेल. आपल्या सवयीचा नव्हे.