चित्राखालचं नाव

परवाच्या रविवारी आमच्या नेरूळच्या घरात दुपारपासून अघोषित संप होता. लेकीला 'बघायला' पाहुणे येणार होते आणि तिने सरळ सांगून टाकलं, "आई, पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर येणार नाही." मी चिडले, ती रुसली. सासूबाई मात्र तिच्या टेबलावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळत बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही. त्या चित्रं बघत होत्या.

पुस्तक होतं जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. १८१३ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा त्यावर लेखिकेचं नावसुद्धा नव्हतं! आमच्याकडची प्रत १८९४ च्या गाजलेल्या आवृत्तीवरून काढलेली. मुखपृष्ठावर सोनेरी मोर आणि आत ह्यू टॉमसनची १६० चित्रं. नाच, भेटीगाठी, लग्नाळू मुली आणि त्यांची उतावीळ आई.

"अगं, हा तर बघण्याचाच कार्यक्रम," सासूबाई म्हणाल्या, "फक्त पोह्यांऐवजी नाच!"

लेकीचा रुसवा पळाला. "आजी, आपल्याकडेही असा चित्रकार होता," म्हणत तिने कॉम्प्युटर लावला. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर. आपल्या आटपाट नगरातल्या कहाण्या किंकेड साहेबाने इंग्रजीत नेल्या, त्या १९१४ च्या पुस्तकातली चित्रं धुरंधरांचीच. आणि १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया'साठी त्यांनी काढलेल्या रंगीत चित्रांत कोळणीपासून गिरणीत काम करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्याजणी भेटतात.

सासूबाई हरखूनच गेल्या. नेसण, काठ, दागिने, सगळं निरखून झालं. मग विचारलं, "हिचं नाव काय गं?"

"मुंबईची कोळीण."

"ते दिसतंय. नाव?"

नाव नव्हतंच. चित्रांखाली जात, गाव, नाहीतर धंदा. धुरंधरांनी एकेक बाई जीव ओतून रंगवली, पण पुस्तक साहेबाचं. त्याला हव्या होत्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या बायका. टॉमसनच्या चित्रांतल्या मुलींना मात्र आपण लिझी, जेन, शार्लट म्हणून ओळखतो, कारण त्यांची गोष्ट एका बाईने लिहिलेली.

सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला सात जणांनी बघितलं. चालून दाखव, वाचून दाखव. आठव्याने पसंत केलं आणि ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं. सूनबाई, माझं माहेरचं नाव ठाऊक आहे तुला?"

सव्वीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही. मला ठाऊक नव्हतं.

टेबलावर लेकीचा बायोडेटा पडला होता. मीच टाइप केलेला. उंची, वर्ण, गोत्र, पगार. तीही एक चित्राखालची ओळच की!

पाहुणे आले. पोहे मी आणले. लेक रिकाम्या हाताने येऊन सासूबाईंच्या शेजारी बसली आणि तिनेही मुलाला चार प्रश्न विचारले. मुलाची आई जरा अवघडली, मुलगा मात्र मोकळेपणी बोलला. जमेल की नाही, अजून कळलेलं नाही. खरं सांगू, त्याची पूर्वीइतकी धाकधूकही राहिलेली नाही.

रात्री लेकीने आजीच्या लग्नातला फोटो काढला आणि मागे पेन्सिलीने तिचं माहेरचं नाव लिहिलं. ते इथे छापत नाही. "आधी मला विचार," असं सासूबाईंनी बजावलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोत कोण कोण आहे? त्यांची नावं विचारून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच.