प्लॅटिनममध्ये जपलेला परगणा

१८८९ साली बर्मिंगहॅमच्या फोटोग्राफिक सोसायटीसमोर विल्यम जेरोम हॅरिसन यांनी एक योजना मांडली. अख्ख्या वॉरिकशर परगण्याचे फोटो काढायचे. चर्च, लाकडी सांगाड्याची जुनी घरे, पूल, गल्ल्या, बाजार, गावचे सणवार, सगळेच. हॅरिसन पेशाने विज्ञानशिक्षक आणि अभ्यासाने भूगर्भशास्त्रज्ञ. खडकाचा नमुना कुठल्या टेकडीवरून, कुठल्या थरातून उचलला याची नोंद नसेल, तर हातात उरतो तो नुसता दगड, ही त्या शास्त्रातली पहिली शिकवण. फोटोलाही हीच शिस्त लावायची, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी हे सर्वेक्षण उभे राहिले आणि उद्योगपती व हाडाचे छायाचित्रकार बेंजामिन स्टोन त्याचे अध्यक्ष झाले.

हे काम हौशी लोकांना पेलण्याजोगे नुकतेच झाले होते. १८५१ पासून चाललेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. त्यासाठी अंधाऱ्या तंबूसकट सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावे लागे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळायची युक्ती प्रसिद्ध केली. काही वर्षांतच कोरड्या, तयार प्लेटा दुकानात मिळू लागल्या. शनिवारी दुपारी सुटलेला कारकून कॅमेरा घेऊन आगगाडीने खेड्यात जाऊ शकत होता, आणि प्लेटा सवडीने घरी धुऊ शकत होता.

पण फोटो टिकणार किती? या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्या मंडळींनी हा प्रश्न सुरुवातीलाच विचारल्याची गोष्ट.

तेव्हाचा नेहमीचा कागद अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला. त्यावरची प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. कण जितके बारीक तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ मोठे, आणि तितकीच हवेतल्या गंधकाला झोंबायला जागा जास्त. त्यात फोटो पक्का करायला वापरलेला हायपो नीट धुतला गेला नाही, तर गंधक कागदातच मुक्कामाला राहते. चांदीचे सल्फाइड होते, काळपट तपकिरी छटा फिकट पिवळी पडते आणि आधी नाजूक तपशील जातात. बलकातली प्रथिनेही कालांतराने पिवळी होतात. म्हणून सर्वेक्षणवाल्यांनी कायम टिकणारी प्रत हवी असे ठरवले आणि मोठा भरवसा ठेवला प्लॅटिनमवर.

ही पद्धत विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट केली होती. तिची रसायनक्रिया फार सुरेख आहे. कागदाला लोहाचा एक क्षार, फेरिक ऑक्झलेट, आणि प्लॅटिनमचा क्षार लावायचा. निगेटिव्ह वर ठेवून उन्हात धरला की प्रकाश प्लॅटिनमला काही करत नाही. तो लोहाला बदलतो, फेरिकचे फेरस करतो. या टप्प्यावर कागदावर जेमतेम पुसट आकृती दिसते. मग कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात बुडवला की फेरस लोह विरघळते आणि विरघळता विरघळता शेजारच्या क्षारातून शुद्ध प्लॅटिनम धातू मोकळा करते. उरलेले लोह सौम्य आम्लाने धुऊन काढायचे. शेवटी कागदाच्या धाग्यांतच रुतलेला प्लॅटिनम राहतो. वर बलक नाही, जिलेटिन नाही, चकाकीही नाही. दिसतात मखमली काळा आणि त्याखालच्या करड्याच्या असंख्य छटा. हा धातू गंधकाला दाद देत नाही, हवेने काळवंडत नाही.

त्याचाही एक दोष आहे. प्लॅटिनम उत्तम उत्प्रेरक असल्याने कागदातल्या आम्लाचे काम तो जलद करतो. प्रतिमा ठणठणीत राहते, पण कागद ठिसूळ होतो, आणि समोर टेकून ठेवलेल्या पानावर तिची फिकट पिवळसर छाया उमटते. पहिल्या महायुद्धात स्फोटकांना लागणाऱ्या नायट्रिक आम्लासाठी प्लॅटिनम हवा झाला आणि हा कागद हळूहळू दुर्मीळ झाला.

दुसरी काळजी नोंदीची. जागा, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचे नाव प्रतीसोबत असावे, निगेटिव्हवर हाताने सुधारणा करू नये. ही शिस्त किती कामाची आहे ते असे फोटो वाचायला बसले की समजते. त्या काळच्या साध्या प्लेटांना निळा आणि अतिनील प्रकाशच दिसे. लाल जवळपास दिसतच नसे. त्यामुळे निळे आभाळ कोरे पांढरे येते आणि लाल विटांची भिंत खरी होती त्याहून काळी. फोटोत आभाळ भरलेले दिसत नाही म्हणून ढग नव्हतेच असे म्हणता येत नाही. सावल्या मात्र खऱ्या असतात. इमारतीचे तोंड कुठल्या दिशेला हे माहीत असेल तर सावलीच्या दिशेवरून दिवसाची वेळ काढता येते.

स्टोन यांनी १८९७ मध्ये हेच काम देशभर नेण्यासाठी नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन स्थापन केली. १९१० मध्ये ती बंद होईपर्यंत ५,८०० हून अधिक फोटो ब्रिटिश म्युझियमकडे सुपूर्द झाले होते. स्टोन यांचा स्वतःचा सुमारे २२,००० फोटोंचा संग्रह आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आहे. ज्याच्या जाण्याची भीती होती त्यातले बरेच गेलेच. कव्हेंट्रीतली बुचर रो ही मध्ययुगीन गल्ली १९३६ मध्ये पाडली गेली, आणि १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीच्या बाँबवर्षावात तिथले सेंट मायकेल कॅथीड्रल जळून नुसत्या भिंती आणि मनोरा उरला.

एल्म वृक्षांची भीती मात्र तेव्हा कुणालाच नव्हती. आपल्याकडच्या वावळ्याच्या कुळातले हे झाड या परगण्यात इतके माजले होते की त्याला ‘वॉरिकशरचे तण’ म्हणत. फोटो काढायचा असे चर्चचा, पण मागच्या शेताच्या बांधावर एल्मची रांग आपोआप येई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बुरशीची नवी, जहाल जात ब्रिटनमध्ये आली. सालीतले भुंगेरे तिला झाडोझाडी नेत होते, आणि अडीच कोटींच्या आसपास एल्म मेले. इंग्लिश एल्म बियांऐवजी मुळांच्या फुटव्यांनी वाढतो. झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी, त्यामुळे एकाला रोखता न आलेला रोग कुणालाच रोखता आला नाही. बांधांवर आजही फुटवे येतात, काही वर्षे जोमाने वाढतात, साल भुंगेऱ्याला पुरेशी जाड झाली की पुन्हा मरतात. पूर्ण वाढलेले एल्म कुठल्या बांधावर किती दाट होते, किती उंच जात, फांद्या कितव्या उंचीवर छाटत, हे जुन्या नकाशांत सापडत नाही, कारण नकाशात झाडाचे चिन्ह असते, जात नसते. ज्या प्रतीमागे गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली आहे, तिच्यावरून मात्र आजही तो बांध शोधून काढता येतो.