तांबड्या मातीचा बांकुडा

हावड्याहून खरगपूरमार्गे आद्र्याकडे जाणाऱ्या आगगाडीने मेदिनीपूर मागे टाकले, की खिडकीबाहेरची भूमी हळूहळू आपले रूप पालटू लागते. गंगेच्या खोऱ्यातील ओली, सपाट भातशेते मागे राहतात आणि तांबड्या मातीचे चढउतार, शालवृक्षांची राने व मधूनच चकाकणारी तळी दृष्टीस पडू लागतात. कोकणातून आलेल्या प्रवाशाला ही माती ओळखीची वाटेल. कारण तिच्या पोटात आपला जांभा दगडच आहे. हा पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्हा. पूर्वेकडील बंगालचे सखल मैदान आणि पश्चिमेकडील छोटानागपूरचे पठार यांच्यामधली ही जणू एक रुंद पायरीच होय.

वाचकहो, या जिल्ह्यात मराठी माणसाचे नाव फार पूर्वी येऊन पोहोचले आहे, आणि तेही अंगाईगीतातून. रडणाऱ्या मुलाला निजवताना बंगाली आई 'बर्गी' देशात आल्याचे सांगते; धान्य पाखरांनी खाऊन टाकले, आता खंडणी कशी द्यावी, असा प्रश्न त्या गीतात ती करते. हा 'बर्गी' म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर. स्वतःचा घोडा आणी, तो शिलेदार. नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ साली बंगालवर पहिली मोठी स्वारी केली. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून ठार केले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१च्या तहात वर्षाला बारा लक्ष रुपये चौथाई ठरली, तेव्हा कोठे हे पर्व संपले. आपण या मोहिमांकडे पराक्रमाच्या नजरेने पाहत आलो. ज्यांच्या गावांवरून त्या फौजा गेल्या, त्यांनी ती आठवण पाळण्याशेजारी जपून ठेवली. दोन्ही स्मृती खऱ्या आहेत, आणि बांकुड्यास जाणाऱ्याने दुसरीही ऐकून घ्यावी, असे मला वाटते.

ती ऐकण्याचे ठिकाण विष्णुपूर. येथे 'दलमादल' नावाची सुमारे साडेबारा फूट लांबीची लोखंडी तोफ उघड्यावर ठेवलेली आहे. इतके पावसाळे अंगावर घेऊनही तिला गंज असा फारसा चढलेला नाही. १७४२ साली भास्करपंतांची फौज विष्णुपूरच्या किल्ल्यापाशी आली, तेव्हा तेथे गोपालसिंह नावाचा अत्यंत भाविक राजा राज्य करीत होता. त्याने शस्त्र उचलण्याऐवजी प्रजेला नामसंकीर्तनाची आज्ञा केली आणि रात्री प्रत्यक्ष मदनमोहनाने येऊन तोफ डागली, अशी आख्यायिका आहे. किल्ला पडला नाही एवढे मात्र खरे. भोवतालचा मुलूख मात्र उद्ध्वस्त झाला. हाच राजा शांततेच्या काळातही प्रजेकडून रोज सक्तीने नामजप करवून घेई. त्यामुळे नाइलाजाने कराव्या लागणाऱ्या कामाला 'गोपालसिंहाची बेगार' म्हणण्याची रीत बंगालीत पडली. भक्तीलाही बेगार म्हणणाऱ्या या लोकांच्या विनोदबुद्धीचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

गोपालसिंह ज्या मल्ल घराण्याचा, त्या घराण्याचा स्वतःचा शकच होता. तो इसवी सन ६९४ पासून मोजला जाई. वीर हंबीर या राजाने श्रीनिवास आचार्यांकडून वैष्णव दीक्षा घेतली आणि पुढील दीडशे वर्षांत विष्णुपूर मंदिरांनी भरून गेले. या भागात कोरीव कामाला योग्य असा दगड सहज मिळत नाही. जांभा जाडाभरडा, त्यावर बारीक नक्षी उठत नाही. म्हणून येथील कारागिरांनी विटांवर आणि भाजलेल्या मातीच्या फलकांवर आपली कला ओतली. १६४३ साली रघुनाथसिंहाने बांधलेले पाच शिखरांचे श्यामराय मंदिर आतूनबाहेरून अशा फलकांनी मढलेले आहे. रामायणातील युद्धे, कृष्णलीला, शिकारी, नौका, बंदुका घेतलेले शिपाई, सारे काही त्यांत आहे. १६५५चे जोडबांगला मंदिर म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन बंगाली झोपड्याच. बांबूच्या छपराला पावसासाठी जो बाक द्यावा लागतो, तोच विटांत उतरवला आहे. रासमंच ही इमारत तर देशात एकमेव म्हणावी अशी. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या शिखराखाली कमानींचे सोपे आहेत. रासोत्सवात गावोगावचे देव येथे आणून मांडीत. ही प्रथा १९३२ पर्यंत चालू होती.

मंदिरे पाहून प्रवासी परततात. तळ्यांकडे कोणी फारसे वळत नाही. वस्तुतः राज्याचा जीव तळ्यांत होता. वीरसिंह राजाने सतराव्या शतकाच्या मध्यास नगराभोवती लालबांध, कृष्णबांध, यमुनाबांध, कालिंदीबांध असे सात मोठे जलाशय करविले. उतारावरून वाहून जाणारे पाणी अडवावे, नगराला प्यावयास मिळावे आणि शत्रूची वाटही अडावी, असा तिहेरी हेतू त्यांत होता. बांकुड्यात वर्षाला सुमारे १,४०० मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या जवळजवळ दुप्पट. तरीही जिल्हा अवर्षणग्रस्त म्हणून ओळखला जातो. पाऊस तीनचार महिन्यांत कोसळतो आणि चढउताराच्या कठीण भूमीवरून नद्यांकडे धावत सुटतो. पाणी अडवील त्याचे शेत पिकेल, हा येथील हिशेब मल्ल राजांना कळला होता.

पुढे दुर्दैवाची रांगच लागली. स्वाऱ्यांनी खंगलेल्या मुलखावर १७७०चा भीषण दुष्काळ कोसळला. त्यात कंपनी सरकारचा सारा आणि राजघराण्यातील भाऊबंदकीचे खटले. पैशाच्या ओढीने चैतन्यसिंह राजाने कुलदैवत मदनमोहनच कलकत्त्याच्या गोकुळ मित्र नामक धनिकाकडे गहाण ठेवला, असे सांगतात. ती मूर्ती परत आली नाही, आणि बागबाजारात मदनमोहनाचे मंदिर उभे राहिले. १८०६ साली थकलेल्या साऱ्यापायी जमीनदारी लिलावात निघाली व बर्दवानच्या राजाने ती विकत घेतली. धनी दूर गेला, की बांधांवरचा गाळ कोण काढणार?

राज्य गेले, तरी मातीवरचा हात राहिला. पांचमुडा गावातील कुंभारांचा लांब मानेचा, ताठ कानांचा घोडा आपण कोठे ना कोठे पाहिलाच असेल. भारतीय हस्तकलांचे चिन्ह म्हणून तो देशभर गेला. घोड्याचे पाय, धड, मान व तोंड हे पोकळ भाग चाकावर वेगवेगळे घडवून ओल्या मातीने सांधतात. कान आणि शेपूट निराळी करून खाचेत बसवतात. सुकवून आव्यात भाजताना धुरास वाट ठेवली तर घोडा तांबडा निघतो, वाट बुजवली तर काळा. २०१८ मध्ये या कामास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. शहरातील दिवाणखान्यात हा घोडा शोभेला बसतो. गावात तो धर्मठाकुराच्या किंवा मनसादेवीच्या ठाण्यावर नवसापोटी वाहिला जातो आणि झाडाखाली ऊनपावसात झिजून पुन्हा माती होतो. नवस फेडणाऱ्या गिऱ्हाइकाला घोडा नवा लागतो, दिवाणखान्यातील घोडा मात्र पिढ्यानपिढ्या टिकतो. कुंभाराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

विष्णुपुरात फौजदार आडनावाचे घराणे दशावतारी गंजिफा रंगवते. पत्ते वाटोळे, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकूण एकशेवीस. आपल्या सावंतवाडीतही दशावतारी गंजिफा एकशेवीस पत्त्यांचीच आहे. देशाच्या दोन टोकांना, दोन संस्थानांच्या आश्रयाने एकच खेळ टिकून राहावा, याची मौज वाटते. गाण्यातही हे गाव मागे नाही. येथील धृपदाचे घराणे प्रसिद्ध आहे आणि त्यातील यदुभट्टांकडून बालपणी रवींद्रनाथांनी संगीताचे पाठ घेतले होते. चित्रकार यामिनी राय बेलियातोडचे, शिल्पकार रामकिंकर बैज बांकुडा शहराचे. १९०९ साली वसंतरंजन राय यांना विष्णुपूरजवळच्या काँकिल्या गावी एका घराच्या गोठ्यात बडू चंडीदासाच्या 'श्रीकृष्णकीर्तना'ची पोथी सापडली. जुन्या बंगालीचा हा अनमोल ठेवा १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा पाण्याकडे वळू. येथील शेतकरी उंचावरच्या जमिनीला बाइद, मधल्या जमिनीला कानाली आणि सखल जमिनीला बहाल म्हणतो. बहालात भात खात्रीने येते. बाइदात पाऊस रुसला की काहीच येत नाही. ज्यांच्या वाट्याला बाइद आली, त्यांत संथाळ व बाउरी कुटुंबे पुष्कळ. लावणीला आणि कापणीला ती पूर्वेकडे, बर्दवानच्या कालव्यांखालील शेतांत मजुरीस जातात. त्याला 'नामाल' खाटणे म्हणतात. नामाल म्हणजे खालचा मुलूख. कंसावती नदीवर मुकुटमणिपूर येथे १९५६ साली धरणाचे काम सुरू झाले. सुमारे अकरा किलोमीटर लांबीच्या मातीच्या बांधाने पुष्कळ शेती भिजवली, तसे अनेक गावांना स्थलांतरही करावयास लावले. आणि उंचावरची बाइद मात्र बव्हंशी कोरडीच राहिली. अलीकडच्या काळात हिडबांध भागातील आदिवासी शेतकऱ्यांनी आपल्या शेताच्या सुमारे विसाव्या भागात लहान तळी खोदली. त्यांना तेथे 'हापा' म्हणतात; आपण शेततळे म्हणू. ही खोदाई पुष्कळशी रोजगार हमीच्या मजुरीतून झाली. त्या केंद्रीय योजनेचे मूळ महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्यात आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. हापाचे पाणी लावणी वाचवते, मागाहून थोडी मोहरी वा भाजी देते, आणि ज्या घरी ते आहे त्या घराला नामालला जाण्याची एखादी फेरी टाळता येते.

आपण जाणार असाल, तर पौष महिना बरा. डिसेंबरच्या अखेरीस विष्णुपूरची जत्रा भरते. महिनाभर रोज सांजवेळी मुली टुसूची गाणी म्हणतात, त्यांत देवीबरोबर घरच्या कटकटीही असतात. कापणी उरकून नामालची माणसे गावी परतलेली असतात. मग मकरसंक्रांतीच्या पहाटे, आपल्याकडे तिळगुळाची तयारी चाललेली असते त्याच वेळी, रंगीत कागदांनी सजविलेली चौडोले डोक्यावर घेऊन गावेच्या गावे कंसावतीच्या थंड पाण्यात टुसूला निरोप देण्यास निघतात.